इतिहास दिनाची तक्रारवही

गावाचा इतिहास दिन साजरा करायचं ठरलं की पहिली बैठक इतिहासावर होत नाही, मंडपावर होते. दुसरी पाहुण्यांवर होते. तिसऱ्या बैठकीत फ्लेक्सवर कोणाचा फोटो केवढा यावर तासभर खल चालतो आणि चौथ्या बैठकीत, म्हणजे आदल्या रात्री, कोणाला तरी आठवतं की इतिहास सांगायला एक माणूसही लागेल. निवृत्त मुख्याध्यापक गावात असतातच. नाशिक जिल्ह्यात निमित्तांना तोटा नाही. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन आहे, ग्रामपंचायतीचा अमृतमहोत्सव आहे, यात्रेला जोडून शाळेनं भरवलेलं ‘आमचं गाव, आमचा इतिहास’ हे प्रदर्शन आहे. निमित्त कुठलंही असो, कार्यक्रमपत्रिकेत इतिहासाची जागा ठरलेली: दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार, उर्वरित सत्कार, राहून गेलेल्यांचे सत्कार आणि मग ‘गावाचा इतिहास’. तोवर साडेबारा वाजलेले असतात, मंडपामागून मसालेभाताचा वास सुटलेला असतो आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम असतो. मुख्याध्यापकांच्या हातात चिठ्ठी येते: ‘थोडक्यात’. मग ते सात मिनिटांत सगळं उरकतात. प्रभू रामचंद्र या वाटेनं गेले, पांडवांनी देऊळ एका रात्रीत बांधलं, शिवाजी महाराजांचा घोडा ओढ्यावर पाणी प्यायला, पेशव्यांनी देवाला जमीन दिली आणि विद्यमान सरपंचांनी चौकात हायमास्ट दिवा बसवला. पेशवे आणि हायमास्ट यांच्यामध्ये दोनशे वर्षं पसरलेली असतात. त्या दोनशे वर्षांत गावात काहीही घडलेलं नसतं.

हा इतिहास खोटा आहे, अशी माझी तक्रार नाही. खरंखोटं ठरवायला विद्यापीठं आहेत, त्यांनाही काहीतरी काम हवं. माझं म्हणणं एवढंच, की हा गावाचा इतिहास नव्हे, हे धर्मशाळेचं रजिस्टर आहे. कोण आलं, कोण उतरलं, केव्हा गेलं. गाव हजार वर्षं जागच्या जागी राहिलं, राबलं, नांदलं, भांडलं, आणि अभिमान कशाचा, तर कोणीतरी एक रात्र थांबून पुढे निघून गेलं याचा! ज्यांचा मुक्काम हलला नाही त्यांची माहिती मुक्काम करणाऱ्यांच्या आठवणींत सापडत नाही. ती सापडते तक्रारींत. शेत पिकत नाही, पाटाचं पाणी येत नाही, शेजाऱ्यानं बांध सरकवला, भावानं वाटा दिला नाही, देवळात आपला मान डावलला. गावानं स्वतःहून काही लिहून ठेवलं असेल तर ते बहुतेक याच कारणांनी. सुखात असलेलं गाव कागद करत नाही. तेव्हा इतिहास दिन करायचाच असेल तर तो तक्रारींचा करावा, असं माझं मत आहे, आणि त्याला आधार देण्यासाठी नाशिकइतका सोयीचा जिल्हा दुसरा मिळायचा नाही.

आधी पाहुण्यांचा हिशोब संपवू, कारण नाशिकला पाहुणे फार. रामायण आम्ही जिल्ह्यात रीतसर वाटून दिलं आहे. राम-सीतेचा मुक्काम पंचवटीला, शूर्पणखेचं नाक खुद्द शहरात, हनुमानाचा जन्म अंजनेरीला, जटायू पडला तो इगतपुरीकडच्या टाकेदला आणि मारीच मारला गेला तो निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला. सोन्याच्या हरणानं पंचवटीतून निघून निफाडपर्यंत धाव घ्यावी आणि तेवढ्या वेळात जटायूनं थेट उलट्या दिशेला इगतपुरी गाठावी, यात भूगोलाची थोडी ओढाताण होते. पण तीन तालुक्यांना एकाच दिवशी न्याय देण्याचं काम एवढ्या सफाईनं नंतर कुठल्या पालकमंत्र्याला जमल्याचं दिसत नाही. शिवकाळातही तेच. १६७० साली सुरतेहून परतताना महाराजांची मोगलांशी वणी-दिंडोरीच्या परिसरात लढाई झाली, हे पक्कं. पण आसपासच्या सगळ्या गावांचे दावे एकत्र केले, तर सुरतेचा खजिना घेऊन घाईनं निघालेल्या त्या सैन्याला प्रत्येक ओढ्यावर थांबून घोड्यांना पाणी पाजत जावं लागलं असतं. पेशवाईत राघोबादादांनी वाडा बांधला आणि पत्नीच्या नावावरून गावाचं नाव आनंदवल्ली पडलं. त्याच रस्त्यानं पुढे गंगापूर, तिथं गोपिकाबाई येऊन राहिल्या. दोन जावांच्या आठवणी एकाच नदीच्या काठी एकाच रस्त्यावर नांदताहेत, ही गोष्ट जितेपणी दोघींनाही मानवली नसती.

पांडवांचं प्रकरण तर याहून मजेचं. त्र्यंबकच्या दिशेच्या डोंगररांगेला लागून असलेल्या त्रिरश्मी डोंगरातली लेणी कोणी खोदली, किती दान दिलं, कोणाच्या पुण्यासाठी दिलं, हे भिंतींवर ब्राह्मी लिपीत स्वच्छ कोरलेलं आहे. मालकाचं नाव दारावर असताना आपण त्यांना पांडवलेणी म्हणतो. आता नाव बदला अशी मोहीम मला काढायची नाही. लोकांनी पांडवांना दिलेलं परत मागणं बरं दिसत नाही. पण त्या भिंतींवर राजांच्या पराक्रमांच्या शेजारीच एका गावाची अशी हकिगत कोरलेली आहे की जिच्यापुढे इतिहास दिनाची सगळी भाषणं फिकी पडावीत, आणि ती कुठल्याच भाषणात येत नाही.

तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या राजवटीच्या २४व्या वर्षाचा एक आदेश आहे. गोवर्धन इथल्या श्यामक नावाच्या अमात्याला तो पाठवलेला आहे. गोवर्धन म्हणजे तेव्हाचं या भागाचं मुख्य ठाणं. आज त्याच नावाचं गाव गंगापूरजवळ आहे. आदेशाचा मतलब असा: डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंना कखडी गावातलं एक शेत पूर्वी दिलं होतं, ते शेत कोणी कसत नाही आणि त्या गावात कोणी राहतही नाही, म्हणून नगराच्या हद्दीवरच्या सरकारी जमिनीपैकी १०० निवर्तनं त्यांना द्यावीत. बस. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा सरकारी कागद, आणि त्यात रथ नाही, रण नाही, एक न पिकणारं शेत आहे. हा आदेश आपोआप निघालेला नाही, हे कुठल्याही तहसील कचेरीची पायरी चढलेल्या माणसाला सांगावं लागणार नाही. कोणीतरी भिक्षू डोंगर उतरून गोवर्धनला गेला असणार, साहेब दौऱ्यावर आहेत असं ऐकून परत आला असणार, पुन्हा गेला असणार. सहा वर्षं आधीचा, १८व्या वर्षाचा एक आदेशही तिथंच आहे. त्यात पश्चिम कखडीतलं २०० निवर्तनांचं शेत भिक्षूंना दिलेलं आहे. दोन्ही आदेश एकाच शेताबद्दलचे असतील तर २०० गेले आणि १०० आले. मोबदल्याचं गणित तेव्हापासून फारसं बदललेलं नाही.

२४व्या वर्षाच्या त्या आदेशाच्या तपशिलात शिरलं की आणखी गंमत आहे. आदेश राजाच्या एकट्याच्या नावानं नाही, राजमातेच्याही नावानं आहे, आणि तिचं वर्णन ‘जिचा पुत्र जिवंत आहे’ असं केलेलं आहे. सवलती तर वाचण्यासारख्या: या जमिनीत सरकारी माणसांनी शिरायचं नाही, हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही. म्हणजे सरकार प्रजेला जी सर्वात मोठी देणगी देऊ शकतं ती कोणती, तर आम्ही येणार नाही हे आश्वासन. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याची ठेव नोंदवलेली आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे त्यानं ३००० कार्षापण ठेवले, २००० दरमहा एक टक्क्यानं आणि १००० पाऊण टक्क्यानं. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज भिक्षूंच्या कामी लावायचं. २००० चं वर्षाचं व्याज २४०, आणि २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ म्हणजेही २४०. पै न पै जुळते. हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला, फलकावर चढवला आणि तेवढ्यावर विश्वास नाही म्हणून दगडातही कोरला. ठेवीदाराची ही सावधगिरी आजच्या पतसंस्थेच्या सभासदाला उगाच वाटणार नाही.

इंग्लंडात गावच्या इतिहासाचा दिवस हा मोठा हौसेचा मामला आहे, आणि तिथल्या बहुतेक खेड्यांचा इतिहास सुरू होतो तो १०८६ सालच्या डूम्सडे बुकापासून. त्या ग्रंथात काय आहे? नांगर किती, गिरण्या किती, रान किती डुकरांना पुरेल, आणि कर किती निघेल. काही गावांपुढे तर फक्त ‘ओसाड’ असा शेरा. तेवढ्या एका शब्दावर तिथली मंडळी चहा-बिस्किटांसह अख्खी दुपार काढतात. आपल्याकडे असाच ओसाड गावाचा शेरा त्याच्याही सुमारे साडेनऊशे वर्षं आधीचा आहे, तोही राजाच्या आदेशात आणि कारणासकट. फरक इतकाच की साहेब ओसाड गावाचाही इतिहास लिहितो आणि आपण नांदत्या गावाचा लिहीत नाही. अर्थात साहेबाचंही कौतुक बेतानं करावं. त्यांनी १८९९ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या नावानं परगण्यांचा समग्र इतिहास लिहायला घेतला, तो अजून पुरा झालेला नाही. गावाचा इतिहास खरोखर लिहायला बसलं की असंच होतं.

मराठेशाहीत आल्यावर तर तक्रारींचा पूर येतो आणि इतिहासकाराचे हात ओले होतात. पाटीलकीवरून दोन घराण्यांत वाद लागला की दोन्ही बाजूंनी आपापला करीना लिहून द्यायचा. करीना म्हणजे आपल्या घराण्याची मुळापासूनची कहाणी: मूळ पुरुष कोण, गाव कसं वसवलं, दुष्काळात कोण परागंदा झालं, मागं राहिलेल्यानं वतन कसं बळकावलं, चुलत्यानं कागद कुठं लपवला. म्हणजे इतिहास लेखनाची ज्याला खरी निकड होती तो बखरकार नव्हता, पक्षकार होता. मग गोत जमायचं, साक्षी व्हायच्या, महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, व्हायचा. पुरावे संपले तर दिव्य. उकळत्या तेलातून धातूचा रवा काढायचा, हात भाजला नाही तर वतन तुमचं. इतिहासाच्या साधनांची एवढी कसोशीनं तपासणी पुढं कुठल्या परिषदेत झाली असेल असं वाटत नाही. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ लिहिला तोही एका अर्थानं तक्रारींचाच ग्रंथ. कोण किती काम करतो, कोण किती बलुतं उचलतो आणि खळ्यावर कोणाकोणाची झोळी पुढं येते, याचा इतका कडक हिशोब मराठीत दुसरा नाही.

महजराच्या तळाशी असलेल्या निशाण्या एकदा नीट पाहाव्यात. ज्याला सही येत नाही तो आपल्या धंद्याचं हत्यार काढून देई. पाटलाच्या नावाखाली नांगर असे, एखादा उभट, फाळ जरा वाकडा. मग सुताराचं हत्यार, लोहाराचं हत्यार, चांभाराची आरी, न्हाव्याचा आरसा. कागदाच्या वरच्या बाजूला वळणदार मोडी धावत असते, आणि खाली ही ओबडधोबड चित्रांची रांग. आरी काढणाऱ्या हाताला बोरूची सवय नाही, हे त्या रेघेवरून दिसतं. गावातल्या कष्टकरी माणसानं आपल्या हातानं कागदावर ठेवलेली खूण पाहायची तर ती बहुतेक वेळा इथंच, दुसऱ्याच्या भांडणातल्या कागदावर. इतिहास दिनाच्या मंडपात यातला एक कागद मोठा करून लावला तर पाहुण्यांच्या फोटोंना जागा कमी पडेल, ही अडचण मी मान्य करतो.

यावर पहिला आक्षेप येणार हे उघड आहे. गावात आधीच काय कमी भांडणं आहेत, म्हणून इतिहास दिनाला जुनी उकरून काढायची? एक दिवस तरी सगळ्यांनी गोडीनं बसावं की! आक्षेप सद्भावनेचा आहे, पण अनुभवाला धरून नाही. इतिहास दिन गोडीत पार पाडायचा म्हणून भांडण टाळलं तर ते खुर्च्यांवरून होतं. हनुमानाच्या जन्मस्थानाचंच उदाहरण घ्या. २०२१ मध्ये तिरुमला-तिरुपती देवस्थानानं जन्मस्थान आपल्या डोंगरावर असल्याचं जाहीर केलं, कर्नाटकातल्या किष्किंधेचा दावा होताच आणि अंजनेरी तर आपलीच. निर्णयासाठी ३१ मे २०२२ रोजी नाशिकला धर्मसभा भरली. वाल्मीकी रामायणातले श्लोक, पुराणांतले संदर्भ, सगळी जय्यत तयारी. सभा पेटली ती मात्र कोणी उंच आसनावर बसायचं आणि कोणी खाली, यावरून. जन्मस्थानाचा प्रश्न राहिला बाजूला. तेव्हा भांडण होणारच आहे, प्रश्न फक्त विषयाचा आहे. तो आसनाच्या उंचीऐवजी कखडीच्या शेताचा असेल तर निदान ऐकणाऱ्याच्या ज्ञानात भर पडते. शिवाय साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या पाटीलकीवर कोणी कितीही तावातावानं बोललं तरी संध्याकाळी दोघेही एकाच टपरीवर चहा घेतात. आसनाचं तसं नाही.

जुन्या भांडणांचे पुरावे तर दगडातही आहेत. वीरगळांकडे, म्हणजे झटापटीत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांकडे पाहा. नाशिक-सिन्नर भागात मारुतीच्या देवळाच्या आवारात असे दगड उभे दिसतात. कधी त्यांना शेंदूर फासलेला, कधी त्यावर कपडे वाळत. खालच्या चौकटीत बऱ्याचदा गाई, वर लढाई, त्यावर अप्सरा वीराला घेऊन चाललेल्या, माथ्यावर शिवलिंगाची पूजा आणि चंद्र-सूर्य. गाई कोणी पळवल्या? परदेशी आक्रमकानं पळवल्या असं आपण सांगतो. गुरं चोरण्यासाठी इतक्या लांबून कोण येणार! शेजारच्याच गावानं नेल्या असण्याचा संभव फार. त्याही गावात त्याच झटापटीचा एक वीरगळ असेल आणि त्याही वीराला अप्सराच घेऊन गेल्या असतील. दोन्ही गावांनी मिळून एक इतिहास दिन करावा, असं सुचवण्याचं धाडस मी करत नाही. पुढचे वीरगळ कोणाच्या खर्चानं, हा प्रश्न उभा राहील.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मुलांना गावाचा अभिमान वाटावा म्हणून हा दिवस असतो, तक्रारी ऐकून अभिमान कसा वाटणार? इथं विनोद बाजूला ठेवून उत्तर द्यावं लागतं. काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलं, आणि ओढा हे नाशिकजवळचं गाव, एवढं भाषणात येतं. त्याच मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दरवाजे बंद झाले. रामनवमीला दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढायचा असं ठरलं, ते पाळलं गेलं नाही, दगडफेक झाली. सत्याग्रहाच्या आघाडीवर असलेले दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपण हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा बाबासाहेबांनी केली ती याच जिल्ह्यात, येवल्याला. आता ‘गोडीचा’ इतिहास लिहायला घ्या आणि यातलं काय उरतं ते पाहा. मंदिर उरतं, रथ उरतो, ओढेकर उरतात. देशाच्या इतिहासाला वळण देणारी जी एक तक्रार या मातीतून उठली, तेवढी गळते. एखाद्या गावच्या मुलाला अभिमान वाटावा असं दुसरं काय हवं, की आमच्या गावच्या माणसानं दार बंद असताना दाराशी उभं राहायचं ठरवलं? पाहुण्यांच्या यादीत हा प्रसंग बसत नाही, कारण इथं प्रश्न पाहुण्याचा नव्हता, घरातल्या माणसाचा होता.

तिसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा: हे सगळं ठीक, पण लोक येतील का? मोडी कोण वाचणार, निवर्तनांचं गणित ऐकायला उन्हात कोण बसणार? बसणार नाहीत, हे मलाही मान्य. पण याचा अर्थ लोकांना इतिहास नको असतो असा नाही. लोकांना बसायला नको असतं. नाशिकमध्ये दरवर्षी दोन इतिहास दिन होतात आणि दोन्हींना खुर्ची मांडत नाहीत. धुळवडीला घरोघरचे वीर निघतात. देवघरातले टाक घेऊन, पोरांना देवादिकांचे वेश चढवून, वाजतगाजत गोदाकाठी न्यायचं. त्यात दाजीबा वीराचा मान मोठा, हळदीच्या अंगानं आणि बाशिंगासकट मारल्या गेलेल्या नवरदेवाची ती आठवण मानली जाते. म्हणजे पुन्हा एक न मिटलेली तक्रारच, दरवर्षी रस्त्यावर आणलेली. पाच दिवसांनी रंगपंचमीला रहाडी उघडतात. शनी चौक, दिल्ली दरवाजा, तिवंधा इथले पेशवेकालीन म्हणून ओळखले जाणारे हे हौद वर्षभर जाड ओंडक्यांखाली आणि मातीखाली बुजलेले असतात, त्यावरून गाड्या जातात. रंगपंचमी आली की माती उपसायची, ओंडके काढायचे, प्रत्येक रहाडीचा ठरलेला रंग उकळून ओतायचा, मानकऱ्यांनी पूजा करायची आणि लोकांनी धपाधप उड्या टाकायच्या. पुरातत्त्वाच्या भाषेत हे उत्खनन आहे. फक्त सगळे उत्खनक ओले आणि रंगलेले असतात, आणि काम झाल्यावर खड्डा पुन्हा नीट बुजवतात, जे प्रत्येक उत्खननाबद्दल म्हणता येत नाही.

उत्खननावरून आठवलं, नाशिकच्या गोदाकाठच्या जुन्या गढीवर १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव यांनी खणलं, त्यात मातीच्या भांड्यांपासून मण्यांपर्यंत थरावर थर निघाले. गढीवर आजही लोक राहतात. दर पावसाळ्यात तिचा कडा ढासळतो आणि दर पावसाळ्याआधी रहिवाशांना घरं खाली करण्याच्या नोटिसा येतात. पायाखाली दोन हजार वर्षांहून अधिक काळाचा इतिहास असणं म्हणजे नेमकं काय, हे तिथल्या माणसाइतकं कोणी जाणत नाही. त्याला वारसा दिनाला बोलवावं आणि बोलू द्यावं. तो सातवाहनांबद्दल बोलणार नाही, संरक्षक भिंतीबद्दल बोलेल. हरकत काय? दोन हजार वर्षांनी तेच साधन होणार आहे.

साधनांचीच वानवा असेल तर तीही नाही. १८८३ चं नाशिक गॅझेटिअर आहे, त्यात लेण्यांवर पंडित भगवानलाल इंद्रजींनी घेतलेले कष्ट आहेत. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय शहरात आहे. तलाठ्याकडचे जुने फेरफार आहेत, जे म्हणजे सरकारी हस्ताक्षरातली कादंबरीच: मयत अमुक, वारस तमुक, हरकत ढमुक, हरकत नामंजूर. आणि नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या आहेत, ज्यांत यात्रेला आलेला माणूस आपलं गाव, बाप, आजा, भाऊ सांगून जातो. तिथं एखाद्यानं दोन भावांची नावं लिहिली आणि तिसऱ्याचं गाळलं, तर समजावं की त्या साली वाटण्या झाल्या.

कार्यक्रम कसा करावा, याचा आराखडा मागितला तर माझ्यापाशी फार काही नाही. शेंदूर न फासलेला एखादा वीरगळ उन्हातून सावलीत आणावा. जुन्या नकाशावरचा पाट आणि आजचा पाट शेजारी लावून मधलं पाणी कोणी नेलं हे मोठ्यांनी एकमेकांना विचारावं. ज्या बायका माहेरचं गाव सोडून इथं नांदायला आल्या त्यांना आल्यावर पहिलं पाणी कुठून आणावं लागलं ते सांगू द्यावं. गावच्या जलव्यवस्थेचा तोच एक विश्वासार्ह अहवाल आहे. सत्कार ठेवायचेच असतील तर शेवटी ठेवावेत, म्हणजे ते ऐनवेळी थोडक्यात आटोपता येतील. आणि निमंत्रणपत्रिकेवर नावं कोणत्या क्रमानं छापायची, या प्रश्नाला मात्र त्रिरश्मी डोंगरातच एक जुनी तोड निघालेली आहे. तिथले देणगीदार एरवी नावाला फार जपणारे. बापाचं नाव, गावाचं नाव, धंदा, सगळं कोरून घेतलेलं; उषवदातानं तर आपण नहपानाचे जावई आहोत हे कोणाला विसरू दिलेलं नाही. पण अठराव्या लेण्यात, चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर, एक अगदी आखूड लेख आहे: नाशिककरांपैकी धंभिक गावाचं हे दान. इतकंच. वर्गणी कोणी किती भरली, पुढाकार कोणाचा, खजिनदार कोण, काही नाही. विद्वान यातून ग्रामसंस्थेच्या एकोप्याचा निष्कर्ष काढतील. मला वाटतं, पहिलं नाव कोणाचं यावर तीन बैठका झाल्या असतील, दोघं उठून गेले असतील आणि शेवटी कोणीतरी वैतागून पाथरवटाला म्हटलं असेल, गावाचं नाव घाल आणि मोकळा हो. ज्यांनी सर्वात जास्त दिलं होतं त्यांना त्या रात्री घरी काय ऐकून घ्यावं लागलं, ते मात्र कुठल्याच लेण्यात कोरलेलं नाही.